प्रतिपिंडाची साक्ष

तेल आणि पाणी यांचे जमत नाही, ही गोष्ट स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही शिकवावी लागत नाही. आमटीवर फोडणीचा तवंग तरंगतो. तुपाचे भांडे गार पाण्याने धुवावयास घेतले, तर तूप गोठून भांड्यालाच चिकटून बसते. मनुष्याच्या शरीरात मात्र हीच दोन द्रव्ये अहोरात्र एकत्र नांदत असतात. रक्ताच्या द्रवभागात नऊ-दशांशाहून अधिक पाणी असते, आणि याच पाण्यातून आहारातील मेद आतड्यापासून यकृताकडे आणि यकृतापासून सर्व अवयवांकडे पोहोचवावा लागतो. ज्या कोलेस्टेरॉलचे नाव अलीकडे घरोघरी धास्तीने घेतले जाते, तेही पाण्यात विरघळत नाही. तरीसुद्धा प्रत्येक पेशीच्या आवरणाला त्याची गरज असते. मग रक्तावर तेलाचा तवंग का येत नाही?

निसर्गाने यासाठी केलेली योजना होडीसारखी आहे. मेदाचा सूक्ष्म थेंब आत ठेवावयाचा, आणि त्याभोवती पाण्याशी सख्य असलेल्या प्रथिनांचे वेष्टण घालावयाचे. मेद आणि प्रथिन यांच्या या संयुक्त कणाला लायपोप्रोटीन किंवा मेदप्रथिन म्हणतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मिशेल माशबफ यांनी १९२९ मध्ये घोड्याच्या रक्तरसातून असे मेदप्रथिन प्रथम वेगळे करून दाखविले. पुढे १९४९ च्या सुमारास अमेरिकेतील बर्कले येथे जॉन गॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशय वेगाने फिरणाऱ्या केंद्रोत्सारक यंत्रात मानवी रक्तरस घालून या कणांची त्यांच्या घनतेनुसार प्रतवारी केली. ताक घुसळताना हलके लोणी वर येते, तसाच काहीसा हा प्रकार होता. या प्रतवारीतूनच पुढे एलडीएल आणि एचडीएल ही नावे रूढ झाली, आणि आज ती रक्ततपासणीच्या कागदावर सर्वांच्या नजरेस पडतात.

एलडीएलच्या प्रत्येक कणाभोवती अपो-बी या नावाच्या एका प्रचंड प्रथिनाचा एकच रेणू गुंडाळलेला असतो. चार हजार पाचशे छत्तीस अमिनो आम्लांची ही साखळी म्हणजे त्या होडीचा सांगाडा होय. होडी किती आहेत हे जाणून घ्यावयाचे असेल, तर सांगाडे मोजले की काम भागते. परंतु मोजावयाचे कसे? रक्तरसात हजारो प्रकारची प्रथिने एकत्र मिसळलेली असतात. ती सारी रंगहीन, सारी डोळ्यांना अदृश्य. जत्रेच्या गर्दीतून एकाच चेहऱ्याची माणसे वेचून काढावी, तसे हे काम आहे. आणि त्यासाठी तो चेहरा ओळखणारा कोणीतरी हवा. प्रयोगशाळेत ही ओळख पटविण्याचे काम प्रतिपिंड करतो.

प्रतिपिंड हे मूळचे शरीराच्या संरक्षणाचे साधन. १८९० मध्ये बर्लिन येथे एमिल फोन बेहरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी असे दाखविले, की धनुर्वाताचे विष अल्प प्रमाणात टोचलेल्या प्राण्याच्या रक्तरसात त्या विषाचा उतारा निर्माण होतो, आणि तो रक्तरस दुसऱ्या प्राण्याला दिला असता त्याचेही रक्षण करतो. मुंबईत परळ येथील हाफकिन संस्थेने घोड्यांच्या रक्तरसापासून सर्पविषावरील औषध तयार केले, ते याच तत्त्वावर. परकी वस्तू शरीरात शिरली, की तिच्या पृष्ठभागावरील विशिष्ट खुणेशी तंतोतंत जुळणारे प्रथिन शरीर घडविते. इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराच्या या प्रथिनाला दोन बाहू असतात, आणि बाहूंच्या टोकांशी त्या खुणेवर बसणारी खाच असते. कुलपाला किल्ली बसावी, तशी ही जोडी जुळते.

या गुणाचा उपयोग रोग बरा करण्याप्रमाणेच शोध घेण्यासाठीही होऊ शकतो, हे संशोधकांच्या लवकरच ध्यानी आले. मनुष्याचे एखादे प्रथिन सशाला टोचले, तर सशाच्या दृष्टीने ते परकेच असते. त्यामुळे ससा त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवितो. मग सशाचा रक्तरस आणि मनुष्याचा रक्तरस अगार या जिलेटिनसारख्या पदार्थाच्या थरात समोरासमोर खळगे करून ठेवावयाचे. दोन्ही द्रव हळूहळू पाझरत एकमेकांकडे सरकतात, आणि ज्या ठिकाणी प्रतिपिंड व त्याचे लक्ष्य यांची गाठ पडते, तेथे पांढुरकी रेषा उमटते. स्वीडनमधील ऑर्यन ऊक्टरलोनी यांनी १९४० नंतरच्या दशकात ही पद्धत रूढ केली. एक काचपट्टी, थोडा अगार आणि धीर, एवढ्या सामग्रीवर त्या रेषेने वैद्यकाला दिलेल्या गोष्टी मोठ्या आहेत.

त्यांतील पहिली गोष्ट अमेरिकेतील बेथेस्डा येथे घडली. बारूच ब्लमबर्ग आणि अँथनी ॲलिसन यांची अशी कल्पना होती, की ज्या रुग्णांना पुनःपुन्हा दुसऱ्यांचे रक्त द्यावे लागते, त्यांच्या शरीरात परक्या रक्तातील प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली असावीत. येथे सशाची जागा स्वतः रुग्णानेच घेतली होती. १९६१ मध्ये अशा एका रुग्णाचा रक्तरस अनेक निरोगी माणसांच्या रक्तरसांसमोर ठेवला असता काहींपुढे रेषा उमटली, काहींपुढे उमटली नाही. त्या रेषेने मेदाला रंगविणारा काळा रंग चांगला धरला. अर्थ स्पष्ट होता. रुग्णाच्या प्रतिपिंडाने मेदवाहक प्रथिन पकडले होते. आणि हे प्रथिन सर्व माणसांत अगदी एकसारखे नसते, त्यात आनुवंशिक भेद असतात, हेही त्याच रेषेने सांगितले होते.

हाच शोध पुढे चालविताना काही वर्षांनी रक्तस्रावाचा विकार असलेल्या एका रुग्णाचा रक्तरस तपासण्यात आला. समोर ठेवलेल्या नमुन्यांपैकी केवळ एकापुढे रेषा उमटली, आणि तो नमुना ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाचा होता. परंतु या रेषेने मेदाचा रंग नीट धरला नाही. प्रथिनाचा तांबडा रंग मात्र धरला. तेव्हा ही वस्तू मेदवाहक प्रथिन नव्हे, दुसरेच काही असले पाहिजे, हे उघड झाले. ते दुसरे काही म्हणजे कावीळ उत्पन्न करणाऱ्या 'ब' प्रकारच्या विषाणूचे आवरण होते. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधामुळे रक्तदात्यांचे रक्त तपासणे शक्य झाले, पुढे लस निघाली, आणि ब्लमबर्ग यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील रक्तपेढ्यांत दात्याच्या रक्ताची या विषाणूसाठी चाचणी करणे आज सक्तीचे आहे. मेदवाहक प्रथिनाच्या मागावर निघालेल्या माणसांना वाटेत भेटलेली ही गोष्ट होय. रंग कोणता चढला, एवढा साधा प्रश्न विचारावयास ते चुकले असते, तर ती रेषाही मेदप्रथिनाचीच समजून वहीत नोंदली गेली असती.

दुसरी गोष्ट नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथली. कोरे बर्ग हे तरुण संशोधक मेदप्रथिनांतील आनुवंशिक भेदांचाच शोध घेत होते. त्यांनी मनुष्याच्या रक्तातून वेगळे केलेले मेदप्रथिन सशांना टोचले. सशांनी त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनविली खरी, पण ती सर्वच माणसांच्या मेदप्रथिनांशी जुळत होती, कारण माणसामाणसांतील साम्य भेदाहून कितीतरी अधिक असते. बर्ग यांनी मग गाळणीची युक्ती योजिली. सशाच्या रक्तरसात एका माणसाचा रक्तरस मिसळावयाचा, म्हणजे सर्वसामान्य खुणांशी जुळणारी प्रतिपिंडे त्यात गुंतून खाली बसतात. वर जे उरते, त्यात त्या माणसाजवळ नसलेल्या खुणा ओळखणारी प्रतिपिंडेच काय ती राहतात. धान्य पाखडून शेवटी सुपात चार वेगळे दाणे राहावे, तशी ही उरलेली प्रतिपिंडे इतर माणसांच्या रक्तरसांपुढे ठेवली असता सुमारे एक-तृतीयांश लोकांपुढे रेषा उमटली, बाकीच्यांपुढे नाही. बर्ग यांनी १९६३ मध्ये या नव्या घटकाची घोषणा केली. लायपोप्रोटीन-ए, किंवा संक्षेपाने एलपी-ए, या नावाने तो आज ओळखला जातो. हा गुण आईबापांकडून मुलांकडे उतरतो, हेही त्यांनी दाखवून दिले.

काही वर्षांनी अधिक तीक्ष्ण पद्धती हाती आल्या, तेव्हा मूळ समजुतीत दुरुस्ती करावी लागली. एलपी-ए काही लोकांत असते आणि काहींत नसते, असे नव्हते. ते जवळजवळ सर्वांत असते. पण कोणाच्या रक्तात अगदी थोडे, तर कोणाच्या रक्तात त्याच्या शेकडो पट. जुन्या काचपट्टीवर केवळ अधिक प्रमाणच रेषेच्या रूपाने दिसत होते. प्रतिपिंड खोटे बोलला नव्हता; त्याचे मौन म्हणजे नकार, असा अर्थ ऐकणाऱ्यांनी लावला होता.

एलपी-ए म्हणजे तरी काय? त्याचा अर्धा भाग सर्वांच्या ओळखीचा एलडीएल कण आहे. त्याच्या अपो-बी या प्रथिनाला दुसरे एक लांबलचक प्रथिन गंधकाच्या बंधाने जोडलेले असते. त्याचे नाव अपो-ए, आणि ते यकृतात तयार होते. १९८७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अपो-एची संपूर्ण रचना उलगडली, तेव्हा मोठे आश्चर्य पुढे आले. हे प्रथिन रक्ताच्या गुठळ्या विरघळविणाऱ्या प्लाझ्मिनोजेन या प्रथिनाचे अगदी जवळचे नातलग निघाले. प्लाझ्मिनोजेनमध्ये वळसे घेऊन गाठ मारल्यासारखे पाच भाग असतात. डेन्मार्ककडील एका गाठीदार मिठाईवरून त्यांना क्रिंगल म्हणतात. महाराष्ट्रातील घरांत त्याला कडबोळे म्हटले असते. अपो-एमध्ये यांपैकी चौथे कडबोळे फार वेळा आले आहे. त्याचे दहा प्रकार असून त्यांतील नऊ प्रकार प्रत्येकी एकदाच येतात. दुसऱ्या प्रकाराची मात्र पुनरावृत्ती होते. कोणाच्या अपो-एमध्ये दोनतीन वेळा, तर कोणाच्या अपो-एमध्ये चाळीसहून अधिक वेळा. ही संख्या जन्मतःच ठरलेली असते. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन वेगवेगळ्या लांबीचे अपो-ए एकाच माणसाच्या रक्तात बहुधा आढळतात.

त्याच वर्षी ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे गेर्ड उटरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या लांबीभेदाचा मोठा अर्थ पुढे आणला. रक्तातील अपो-ए विजेच्या साहाय्याने लांबीनुसार वेगळे करून त्यांनी त्यावर प्रतिपिंड सोडला, आणि उमटलेल्या पट्ट्यांवरून प्रत्येकाचे अपो-ए किती लांब आहे हे पाहिले. ज्यांचे अपो-ए आखूड, त्यांच्या रक्तात त्याची संख्या सामान्यतः अधिक. ज्यांचे लांब, त्यांच्या रक्तात ती कमी. यकृताला आखूड साखळी तयार करून बाहेर पाठविणे सोपे जाते, हे याचे मुख्य कारण होय. म्हणजे धोका अधिक असलेला माणूस बहुतेक वेळा आखूड अपो-ए बाळगणारा असतो.

याच ठिकाणी प्रतिपिंडाची खरी परीक्षा सुरू होते. न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी होते, तशीच प्रयोगशाळेत प्रतिपिंडाचीही व्हावी लागते. पहिला प्रश्न असा, की तो भलत्यालाच तर ओळखत नाही ना? अपो-ए आणि प्लाझ्मिनोजेन ही भावंडे शोभावीत अशी आहेत, आणि रक्तात प्लाझ्मिनोजेनचे प्रमाणही पुष्कळ असते. जो प्रतिपिंड दोघांनाही धरील, तो निरोगी माणसाच्या रक्तातही अपो-ए मुबलक असल्याचे सांगेल. म्हणून प्लाझ्मिनोजेनशी, आणि तसेच एलडीएलच्या अपो-बीशी, जुळणारी प्रतिपिंडे आधी गाळून काढावी लागतात.

दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे, आणि तो विचारावयास हवा हे बरीच वर्षे अनेकांच्या लक्षातच आले नव्हते. तो असा, की प्रतिपिंड एका रेणूवर किती ठिकाणी बसतो? आगगाडीचे उदाहरण घेतले म्हणजे हे सहज समजते. एखाद्या स्टेशनातून दिवसभरात किती गाड्या गेल्या हे मोजण्यासाठी एक माणूस बसविला, आणि तो गाड्या मोजण्याऐवजी डबे मोजू लागला. वीस डब्यांची एक गाडी, असा हिशेब त्याला कोणी घालून दिला आहे. आता पाच डब्यांच्या चार गाड्या गेल्या, तर तो वहीत एकच गाडी लिहील. आणि चाळीस डब्यांची एकच गाडी गेली, तर दोन लिहील. त्याच्या मोजणीत कुचराई नाही, डोळ्यांत दोष नाही. त्याने जे मोजले ते बिनचूक मोजले, पण जे मोजावयाचे होते ते मोजलेच नाही.

दुसऱ्या प्रकारच्या कडबोळ्यावर बसणारा प्रतिपिंड हेच करतो. अपो-ए लांब असेल, तर एका रेणूवर अनेक प्रतिपिंडे बसतात आणि आकडा फुगतो. आखूड असेल, तर थोडीच बसतात आणि आकडा घसरतो. ज्याच्या रक्तात आखूड अपो-ए मोठ्या संख्येने आहे, त्याचा आकडा खऱ्याहून कमी दिसतो. या चुकीचा भार नेमका त्याच्यावर पडतो, ज्याला इशारा मिळणे सर्वांत आवश्यक होते. तपासणीचा कागद पाहून तो निश्चिंतपणे घरी जातो. उलट, ज्याला भीती नाही, त्याला विनाकारण घोर लागतो.

या दोषावर उपाय शोधण्यास १९७५ मधील एका शोधाचे मोठे साहाय्य झाले. सशाचा रक्तरस म्हणजे साक्षीदारांचा जमाव असतो. त्यातील एकेक प्रतिपिंड लक्ष्याची वेगवेगळी खूण ओळखतो, दोन सशांचे जमाव कधी सारखे नसतात, आणि ससा मेला की त्याच्याबरोबर ते साक्षीदारही संपतात. केंब्रिज येथे गेओर्ग कोहलर आणि सेझार मिल्स्टाइन यांनी प्रतिपिंड बनविणारी उंदराची एक पेशी आणि अखंड वाढत राहणारी कर्कपेशी यांचा संकर घडवून आणला. या संकरित पेशीची संतती एकाच खुणेवर बसणारा, एकाच घडणीचा प्रतिपिंड वर्षानुवर्षे देत राहते. त्याला एकवंशीय प्रतिपिंड म्हणतात. या कार्यासाठी दोघांना १९८४ मध्ये नील्स येर्ने यांच्यासह नोबेल पारितोषिक देण्यात आले.

तथापि एकवंशीय म्हणजे निर्दोष, अशी समजूत मात्र फसवी ठरते. असा प्रतिपिंड जर पुनरावृत्त कडबोळ्यावरच बसणारा निघाला, तर तो तीच चूक अधिक शिस्तीने करील. तो कोठे बसतो, हे पाहणे आवश्यक असते. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे संतिका मार्कोव्हिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पारखून पाहिले. दुसऱ्या प्रकारच्या कडबोळ्यावर बसणारा एक प्रतिपिंड आणि नवव्या प्रकारच्या कडबोळ्यावर बसणारा दुसरा, असे दोन प्रतिपिंड त्यांनी त्याच नमुन्यांवर लावले. नववा प्रकार प्रत्येक अपो-एमध्ये एकदाच येतो, म्हणजे प्रत्येक गाडीला एकच इंजिन असते. इंजिने मोजणाऱ्याचा हिशेब गाडीच्या लांबीने बदलला नाही. डबे मोजणाऱ्याचा बदलला. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामामुळे जुन्या मोजणीतील दोषाचे कारण निर्विवादपणे पुढे आले.

दोष समजला तरी तो जगभरच्या प्रयोगशाळांतून नाहीसा करणे वेगळे. त्यासाठी सर्वांचे माप एक असावे लागते. कापड मोजावयाचे गज गावोगाव निराळे असले, म्हणजे व्यवहार कसा व्हावा? २००३ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने एलपी-एचा एक आंतरराष्ट्रीय प्रमाणनमुना मान्य केला. त्याची किंमत कणांच्या वजनात न देता संख्येत, म्हणजे नॅनोमोलमध्ये ठरविण्यात आली. रक्ततपासणीच्या कागदावर आजही दोन एकके आढळतात. मिलिग्रॅम हे वजन सांगते, आणि अपो-एची लांबी माणसागणिक बदलत असल्यामुळे वजनावरून संख्या काढण्याचा एकच गुणाकार सर्वांना लागू पडत नाही. नॅनोमोल संख्या सांगते. धोक्याची पातळी सामान्यतः पन्नास मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर किंवा सव्वाशे नॅनोमोल प्रतिलिटर यांच्या आसपास धरली जाते. बाजारातील पुष्कळ चाचण्यांत अजूनही अनेक खुणा ओळखणारी मिश्र प्रतिपिंडेच असतात. काही उत्पादकांनी निरनिराळ्या लांबीचे प्रमाणनमुने वापरून त्यांतील दोष बराच कमी केला आहे; परंतु दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत असा अनुभव आला, तर त्याचे मूळ बहुधा येथेच असते.

ही सारी यातायात कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. स्कँडिनेव्हियातील संशोधकांना १९७० नंतरच्या दशकातच हृदयविकाराच्या रुग्णांत एलपी-ए अधिक आढळत असल्याचे दिसले होते. २००९ मध्ये कोपनहेगन आणि ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी जनुकांच्या आधारे असे दाखविले, की ज्यांना जन्मतः अधिक एलपी-ए निर्माण करणारी जनुके लाभली आहेत, त्यांना हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाणही अधिक असते. म्हणजे एलपी-ए हे विकाराचे केवळ लक्षण नसून त्याच्या कारणांपैकी एक आहे. जगातील सुमारे पाचांपैकी एका माणसात त्याची पातळी धोक्याच्या रेषेपलीकडे असल्याचा अंदाज आहे. २०१९ मध्ये सात वंशगटांच्या तुलनेतून आलेला निष्कर्ष भारतीयांना विशेष जवळचा आहे. आफ्रिकी लोकांत एलपी-ए सर्वांत अधिक आणि चिनी लोकांत सर्वांत कमी आढळले. दक्षिण आशियाई लोकांत मात्र वाढलेल्या पातळीचा हृदयविकाराच्या झटक्याशी असलेला संबंध विशेष ठळकपणे दिसून आला.

ज्या घरात वडिलांना पंचेचाळिशीतच हृदयविकाराचा झटका आला, काकाही त्याच वाटेने गेले, आणि दोघांनाही तंबाखूचे किंवा मद्याचे व्यसन नव्हते, अशा घरात दैवाला बोल लावण्याची रीत जुनी आहे. त्या दैवाचा एक अंश अपो-एच्या जनुकात असू शकतो, आणि तो मोजता येतो. ही पातळी बालपणी एकदा स्थिरावली, की आयुष्यभर फारशी बदलत नाही. पथ्याने किंवा व्यायामाने ती विशेष उतरत नाही. म्हणूनच युरोपातील हृदयविकार आणि धमनीविकार यांच्या तज्ज्ञ संस्थांनी २०१९ मध्ये असा सल्ला दिला, की प्रत्येक प्रौढ माणसाने आयुष्यात निदान एकदा तरी ती मोजून घ्यावी. यकृतातील अपो-एचा जनुकीय निरोप अडवून पातळी खाली आणणाऱ्या औषधांच्या मोठ्या चाचण्याही गेल्या काही वर्षांत हाती घेण्यात आल्या. परंतु अशा औषधाची वाट न पाहताही करण्यासारखे पुष्कळ आहे. पातळी अधिक असल्याचे कळले, तर रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि एलडीएल यांच्या बाबतीत अधिक दक्षता घेता येते, आणि भावंडांची व मुलांची तपासणी वेळेवर करून घेता येते.

आयुष्यात एकदाच करावयाची ही तपासणी आहे, म्हणून ती खरी असणे अधिकच अगत्याचे. दर महिन्याला होणाऱ्या चाचणीतील चूक पुढच्या महिन्यात उमगते. एकदाच मिळालेले उत्तर माणूस जन्मभर खरे धरून चालतो. कोणत्या पद्धतीने मोजले, कोणत्या एककात मोजले, आणि अपो-एच्या लांबीचा त्या पद्धतीवर परिणाम होतो की नाही, हे तीन प्रश्न डॉक्टराने प्रयोगशाळेला विचारावे, आणि कुटुंबात अकाली हृदयविकाराचा इतिहास असलेल्या रुग्णानेही ते डॉक्टराला विचारण्यास संकोच करू नये.

ऑस्लोमधील सशाने १९६३ मध्ये दिलेली साक्ष खरी होती. तिचा पूर्ण अर्थ लागण्यास मात्र तीस वर्षांहून अधिक काळ लागला. तेवढ्या अवधीत ससा गेला, काचपट्टीवरची रेषा गेली, आणि त्यांच्या जागी क्षणात आकडा छापून देणारी यंत्रे आली. त्या यंत्रांच्या पोटातही काम करतो तो प्रतिपिंडच. एखाद्या दवाखान्यात सकाळी उपाशीपोटी येऊन बाकावर बसलेला माणूस दंडाची बाही वर करतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती एक कागद पडतो. त्या कागदावरील आकड्याने त्याची पुढची वीस-तीस वर्षे कशी जावयाची हे काही अंशी ठरणार असते. आणि तो आकडा कडबोळे मोजून आला की कण मोजून, हे कोणीतरी आधी पाहिलेले असावे लागते.